यंत्रांची मिरवणूक: लष्करी विमानांवरचा एक माहितीपट सोलापुरात का फसला

लष्करी विमानांच्या इतिहासावरचा दीड तासाचा एक हिंदी माहितीपट आम्ही सोलापुरात दाखवला. चित्रीकरण देखणं होतं, निवेदकाचा आवाज दमदार होता, सभागृह भरलेलं होतं. तरीही तो फसला, आणि कुठे फसला ते प्रेक्षकांच्या प्रश्नांतून एकेक करून बाहेर आलं. माहितीपटाचं नाव मी मुद्दाम देत नाही. या विषयावरच्या बहुतेक माहितीपटांची घडण अशीच असते, त्यामुळे एकाच निर्मात्याला धारेवर धरून काही साधणार नाही. मी इतिहास शिकवते. वर्गात पडद्यावरून इतिहास दाखवणाऱ्या माझ्यासारख्यांना उपयोग व्हावा म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

सोलापुरात विमान हा सध्या घरोघरी बोलला जाणारा विषय आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी हा इथला कित्येक वर्षांचा वाद. ती चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि जून २०२५ मध्ये गोव्याची नियमित विमानसेवा सुरू झाली. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगडमध्ये मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. १९६३ पासून सेवेत असलेलं हे विमान. त्याची निरोपाची दृश्यं आमच्या मुलांनी मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघितली होती. उत्सुकता आयती तयार होती, म्हणून इतिहास आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून हा कार्यक्रम ठेवला.

प्रेक्षकांत कला आणि विज्ञान शाखेची मुलं-मुली होती, एनसीसीचे कॅडेट होते. सभागृह विणकरांची वस्ती असलेल्या शहराच्या पूर्व भागाला लागून असल्यामुळे यंत्रमागावर आयुष्य काढलेली काही मंडळीही आली होती. हवाई दलातून एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे कारागीर, म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांना आम्ही खास बोलावलं होतं.

पडद्यावर काय होतं

१७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंचं बारा सेकंदांचं उड्डाण, मग पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध, जेट, व्हिएतनाम, आखाती युद्ध, स्टेल्थ म्हणजे रडारला चकवणारी विमानं. शेवटी भारत, घाईघाईने. प्रत्येक टप्प्यावर निवेदकाचं पालुपद एकच: आधीपेक्षा वेगवान, आधीपेक्षा उंच, आधीपेक्षा घातक. विमानामागून विमान येत होतं. हे विमान का आलं आणि आधीचं का गेलं, हे कुठेच नव्हतं.

चांगलं होतं तेही सांगते. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनाचा आवाज त्यांनी मूळ इंजिन चालवून ध्वनिमुद्रित केला होता. त्या इंजिनात आख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरायचं आणि वंगण म्हणून एरंडेल वापरायचे. जळकं तेल वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर उडायचं. ते दृश्य पडद्यावर होतं, अगदी जवळून घेतलेलं. पण एरंडेलच का, यावर अवाक्षर नाही. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही, म्हणून ते इथे चालायचं. एवढं एक वाक्य घातलं असतं तर विज्ञानाच्या मुलांना त्या दृश्यातून काही हाती लागलं असतं.

क्रम उलटा लागला की काय होतं

माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. माहितीपटात पहिल्या महायुद्धाचा नायक होता लढाऊ वैमानिक, त्यातही लाल त्रिपंखी विमानातला जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन. टेहळणीची विमानं त्याच्या गोळ्यांना बळी पडण्यापुरती दिसली. निवेदकाने त्यांना ‘संथ आणि दुबळी’ म्हटलं आणि तो पुढे गेला.

प्रत्यक्षात सगळी गोष्ट त्या संथ विमानांपासून सुरू होते. आकाशातून युद्ध करण्यामागची पहिली गरज मारण्याची नव्हतीच, बघण्याची होती. १७९४ साली फ्ल्यूरसच्या लढाईत फ्रेंचांनी बलून वर सोडला तो शत्रूची हालचाल न्याहाळायला. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने लिबियात विमानातून हाताने छोटे बॉम्ब टाकले. विमानातून टाकलेले हे पहिले बॉम्ब. तरी १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा विमानाचं मुख्य काम टेहळणीच होतं. त्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या दिशेने येणारं जर्मन सैन्य शहराच्या पूर्वेकडे वळतंय, हे वैमानिकांनी वरून पाहून कळवलं आणि मार्नच्या लढाईची आखणी करताना ती माहिती कामी आली. पुढे खंदक खोदले गेले. घोडदळाला खंदकांपलीकडे जाऊन बघणं अशक्य झालं, आणि तोफखान्याची मदार विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवर आली.

शत्रूला वरून सगळं दिसतंय म्हटल्यावर त्याचे डोळे फोडणं भाग पडलं, आणि त्या कामासाठी लढाऊ विमान जन्माला आलं. रिश्टहोफेनच्या नावावर ८० विजय आहेत. त्यांतले बरेचसे दोन आसनी टेहळणी विमानांवरचे, कारण लक्ष्यच ते होतं. ही साखळी एकदा कळली की पुढचा सगळा इतिहास आपोआप उलगडतो. बघणाऱ्याला रोखायला लढाऊ विमान, त्याला चुकवायला उंची आणि वेग, उंचीवर मात करायला रडार, रडारला फसवायला स्टेल्थ. म्हणजे माहितीपटातलं शेवटचं विमानसुद्धा त्याच जुन्या प्रश्नाला बांधलेलं आहे: कोण कोणाला आधी बघतो. माहितीपटाने हा धागा पहिल्या वीस मिनिटांतच तोडून टाकला आणि मग वेगाचे आणि उंचीचे आकडे तेवढे उरले.

याच भागावर द्वितीय वर्षाच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, बंदूक तर पंख्याच्या मागे दिसतीय. मग गोळी पात्याला का लागत नाही?” बराच वेळ पडद्यावर तेच दृश्य चाललं होतं आणि निवेदकाला हा प्रश्न पडला नव्हता. रोलाँ गारोस या फ्रेंच वैमानिकाने पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या होत्या. लागलीच गोळी तर घसरून बाजूला जावी. एप्रिल १९१५ मध्ये त्याला जर्मनांच्या हद्दीत उतरावं लागलं आणि विमान त्यांच्या हाती पडलं. काही महिन्यांतच फोकरच्या विमानांवर त्याहून सरस यंत्रणा आली. तिच्यात इंजिनाबरोबर फिरणारा कॅम, म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेली चकती, एका दांड्यामार्फत बंदुकीचा चाप चालवायचा. पातं नळीसमोरून सरकल्यावरच गोळी सुटायची. भौतिकशास्त्राच्या सरांनी फळ्यावर कॅम काढून दाखवला, तेव्हा मागच्या रांगेतली मुलं उठून पुढे आली.

कापड

दुसरा प्रश्न आला तो पूर्व भागातल्या एका अण्णांकडून. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “पंखाला कापड लावलंय न ते? कुठलं कापड?”

माहितीपटाने या विमानांना ‘लाकूड आणि कापडाचे नाजूक सांगाडे’ म्हणून निकालात काढलं होतं. पण त्या काळच्या विमानात कापड हा जोखमीचा आणि अक्कलहुशारीचा भाग होता. लाकडी सांगाड्यावर लिनन ताणून शिवायचे. मग त्यावर डोप नावाचं सेल्युलोजचं द्रावण थरावर थर चढवायचे. वाळताना ते कापडाला आवळून घ्यायचं. कापड घट्ट ताणलं जायचं, वारा आणि ओल रोखायचं. ‘म्हणजे सुताला खळ देतात तसं,’ अण्णा म्हणाले. खळीने धागा मागावर टिकतो, डोपने आख्खं कापड हवेत टिकायचं. अण्णांनी लगेच पुढचं विचारलं: उभा आणि आडवा धागा सारख्याच ताकदीचा लागत असेल ना, नाहीतर एका बाजूने फाटत जाईल? अगदी नेमका प्रश्न. विमानाच्या कापडाची दोन्ही दिशांनी ताण देऊन परीक्षा व्हायची. पुढे लिननचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत मर्सराइज्ड, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने मजबूत केलेलं, सुती कापड वापरात आलं.

दुसऱ्या महायुद्धातही कापड सुटलं नाही. हॉकर हरिकेनच्या धडाचा मागचा भाग कापडानेच मढवलेला होता. गोळी आरपार गेली तर ठिगळ लावून विमान पुन्हा उडायचं. हीच हरिकेन भारतीय वैमानिकांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवली. अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची क्रमांक १ स्क्वाड्रन इम्फाळच्या लढाईत हरिकेनवरच होती, आणि अर्जन सिंग यांना १९४४ मध्ये डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. कापडाच्या शहरात दाखवलेल्या माहितीपटात कापडावर एक वाक्य होतं, तेही हेटाळणीचं. निर्मात्याला सोलापूर ठाऊक असण्याचं कारण नाही, हे मान्य. पण विमान कशाचं बनतं, ते कोण बनवतं आणि कोण दुरुस्त करतं, हे वगळून विमानाचा इतिहास सांगता येतो असं त्याला वाटलं. तिथेच तो चुकला.

चुकीची चित्रं

ब्रिटनच्या हवाई लढाईचा भाग चालू असताना फिटर काका माझ्या कानाशी म्हणाले, “ओ मॅडम, हे चाळीस सालचं नव्हं. पाती मोजा की, चार आहेत.” त्यांचं खरं होतं. १९४० च्या उन्हाळ्यातल्या स्पिटफायरला तीन पात्यांचा पंखा होता. चार पाती नंतरच्या आवृत्त्यांवर आली.

भारताच्या भागात तर कहर झाला. १९६५ च्या युद्धातल्या नॅट विमानाचं कौतुक चालू आणि पडद्यावर हंटर. दोन्ही विमानं त्या युद्धात होती खरी, पण नॅट जेमतेम नऊ मीटर लांब आणि हंटर चौदा मीटरच्या आसपास. नॅटचा पंख धडाच्या खांद्यावर, हंटरचा मधोमध. तरुणपणी नॅटवर काम केलेल्या काकांना ते बघवेना. नॅट इतकं बुटकं की शिडी न लावता, जमिनीवर उभं राहून त्याचं बरंचसं काम व्हायचं, असं त्यांनी नंतर मुलांना सांगितलं. लहान असण्याचा फायदा आकाशातही होता. शत्रूला ते उशिरा दिसायचं. माहितीपट ज्या गुणाचं कौतुक करत होता तो दाखवायला नॅटच हवं होतं, आणि नेमकं तेच पडद्यावर नव्हतं.

काही सहकाऱ्यांना ही चिकित्सा जास्त वाटली. सामान्य प्रेक्षकाला कुठे कळतंय, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. इतिहासाच्या माहितीपटात चित्र हाच पुरावा असतो. चुकीचं चित्र म्हणजे खोटा दस्तऐवज, आणि बघणाऱ्याला ते ओळखता येत नाही म्हणून तर ते जास्त घातक.

रडारबद्दलही असंच. स्पिटफायरच्या देखणेपणावर बराच वेळ खर्च झाला. किनाऱ्यावरच्या चेन होम रडार केंद्रांचं, बेंटली प्रायरीच्या नियंत्रण कक्षाचं, टेबलावरच्या नकाशावर लांब दांड्यांनी सोंगट्या सरकवत शत्रूची जागा दाखवणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांचं नावही नाही. त्या व्यवस्थेमुळे विमानं दिवसभर आकाशात घिरट्या घालत न ठेवता वेळेवर, नेमक्या जागी पाठवता आली. शिवाय त्या लढाईत स्पिटफायरपेक्षा हरिकेन संख्येने जास्त होती आणि शत्रूची जास्त विमानं त्यांनीच पाडली.

ज्यांच्यावर बॉम्ब पडले ते

दीड तासात शेकडो बॉम्ब पडले आणि खाली एकही माणूस दिसला नाही. स्पेनच्या यादवी युद्धात बॉम्बहल्ल्याने उद्ध्वस्त झालेलं गेर्निका नाही, की १९२० च्या दशकात इराकमध्ये आणि वायव्य सरहद्दीवर टोळ्यांना वठणीवर आणण्यासाठी ब्रिटिशांनी केलेले बॉम्बहल्ले नाहीत.

आम्हाला सर्वांत जास्त खटकलं ते गुजराँवाला. जालियनवाला बागेच्या दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिल १९१९ ला, पंजाबमधल्या या गावावर आणि आसपासच्या खेड्यांवर रॉयल एअर फोर्सच्या विमानांनी बॉम्ब टाकले, मशीनगन चालवल्या. खाली होती ती आपलीच निःशस्त्र माणसं. पुढे चौकशी समितीपुढे त्याची जबानी झाली. भारतातला लष्करी विमानांचा इतिहास सांगताना हे वगळायचं कसं? सोलापूरच्या मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही. मे १९३० मध्ये याच शहरात मार्शल लॉ लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली गेली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज कॉलेजला येणाऱ्या मुलांना सरकार आपल्याच माणसांवर शस्त्र उगारतं म्हणजे काय, ते ठाऊक आहे. एनसीसीच्या एका मुलाने विचारलं, मग ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झालेलं आपलं हवाई दल सुरुवातीला कुठे वापरलं गेलं? उत्तर अवघड आहे आणि तसंच द्यायला हवं. एप्रिल १९३३ मध्ये कराचीत चार वापिती विमानांनिशी उभी राहिलेली पहिली स्क्वाड्रन काही वर्षांत सरहद्दीवरच कामाला लावली गेली. त्यात सुब्रतो मुखर्जीही होते, जे १९५४ मध्ये पहिले भारतीय हवाई दलप्रमुख झाले.

सोलापूरचा माणूस

भारताच्या भागात हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं नाव एकदाच आलं, ‘सरकारी कारखाना’ म्हणून. हा कारखाना मुळात सरकारने काढलेला नाही. तो काढला वालचंद हिराचंद यांनी. जन्म १८८२, सोलापूर. शहरातलं अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाचं, आणि तरी सभागृहातल्या बहुतेक मुलांना त्यांचा विमानांशी असलेला संबंध नवा होता.

१९३९ मध्ये अमेरिकेला जाताना विमानप्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली यांच्याशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. भारतात हे का होऊ नये, म्हणून वालचंदांनी पाठपुरावा केला. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं हार्लो प्रशिक्षण विमान उडालं. १९४२ मध्ये, जपान दाराशी आल्यावर, सरकारने कंपनी ताब्यात घेतली. मग तिथे नवी विमानं बांधण्यापेक्षा अमेरिकी हवाई दलाची विमानं दुरुस्त करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर चाललं. कारखान्याचं स्वप्न त्यात मागे पडलं, पण तिथे हजारो हात तयार झाले. पुढे विष्णु माधव घाटगे यांनी तिथेच एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं आणि ते १९५१ मध्ये उडालं. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. १९६४ मध्ये या कंपनीची हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली, आणि मिग-२१ बांधण्यासाठी तिचा कारखाना आला तो आपल्या नाशिकजवळच्या ओझरला.

म्हणजे मुलांनी मोबाइलवर निरोप दिलेल्या विमानापासून मागे मागे गेलं तर वाट ओझरवरून, बंगळुरावरून थेट सोलापूरला येते. निर्मात्यांनी एका संध्याकाळचं वाचन केलं असतं तरी हे सापडलं असतं. मला याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढे काय केलं

माहितीपट पुन्हा सलग दाखवायचा नाही, असं ठरलं. भौतिकशास्त्राच्या सरांचं मत थोडं वेगळं होतं. आवाज आणि वेग यांमुळेच मुलं आली, म्हणून तो टाकून देऊ नये. ते बरोबर होतं. आम्ही त्यातले तुकडे काढले, आवाज बंद केला आणि निवेदन मुलांकडे सोपवलं. प्रत्येक गटाला काळाऐवजी एक प्रश्न दिला: कोण बघत होतं, कोण लपत होतं, हे बनवलं कोणी, खाली कोण होतं.

कापडाच्या गटाने अण्णांना बरोबर घेऊन लाकडी चौकटीवर सुती कापड ताणलं आणि खळ देऊन वाळवलं. वालचंदांवरचा गट सर्वांत तयारीने आला. १९६२ च्या चीन युद्धावरचा गट मात्र अडखळला. त्या युद्धात मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं अहोरात्र राबली, पण लढाऊ विमानं वापरली गेली नाहीत. कारण सांगताना मुलं थेट आरोपांवर घसरली. त्यांना थांबवून, त्या वेळी दिल्लीला कसली भीती होती, कोलकात्यासारख्या शहरांवर प्रतिहल्ला होईल ही धास्ती किती खरी होती, हे मांडायला लावलं. तो गट अजून पक्का झालेला नाही.

सध्या मूळ माहितीपटातले तीन तुकडे आम्ही वापरतो: रोटरी इंजिन, पंख्यामागची बंदूक आणि, चुकीचं चित्र कसं ओळखावं यासाठी, नॅटच्या नावाखालचं हंटर. डकोटा विमानांचा भाग मुलं स्वतः तयार करताहेत. २७ ऑक्टोबर १९४७ ला दिल्लीहून श्रीनगरला शीख रेजिमेंटची पहिली बटालियन उतरवली ती डकोटांनी, आणि मे १९४८ मध्ये मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, डकोटाच उतरवलं. मूळ बांधणीत ना बंदूक, ना बॉम्ब, तरी काश्मीरचं पारडं फिरवणारं हे मालवाहू विमान माहितीपटात कुठेही नाही. काकांनी या गटाला एक काम दिलं आहे: एका डकोटात शस्त्रांसकट किती जवान मावतात, इंधन किती लागतं, आणि श्रीनगरला पेट्रोल नसताना परतीची सोय कशी करायची, याचा हिशोब मांडून आणा.